लाल खूण वर जाताना हिरवी का होते?

चाकण-रांजणगावकडच्या वाहनांच्या कारखान्यांत असेंब्ली लाइनवर कामगाराच्या हाताशी एक दोरी किंवा बटण असतं. त्याला अँडन म्हणतात. बोल्ट नीट बसला नाही, चुकीचा सुटा भाग आला, काही खटकलं की कामगाराने ती दोरी ओढायची. वरच्या फलकावर त्याच्या स्टेशनचा दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर हातातलं काम टाकून तिथे पोचतो. पद्धत मूळची टोयोटाची. तिच्यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. दोरी ओढली म्हणून लाइन लगेच थांबत नाही. गाडी त्या स्टेशनच्या शेवटच्या रेषेपर्यंत सरकत राहते. तेवढ्यात लीडरने अडचण सोडवली तर लाइन चालूच राहते, नाही सुटली तर रेषेवर थांबते. म्हणजे आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलालाही लाइन अडवता येते, आणि ती अडू नये म्हणून धावपळ करायची ती त्याच्या वरिष्ठाने.

त्याच आवारात, ऑफिसच्या इमारतीत आयटी विभाग बसतो. तिथे अशी दोरी नसते. मी वीसेक वर्षं कारखान्यांच्या आयटी विभागांत काढली, त्यातली निम्मी माणसं सांभाळण्यात गेली. नेतृत्वाची शिबिरं झाली, अजाइल, आयटिल अशा कामाच्या पद्धती आल्या, भिंतीवर मूल्यांच्या पाट्या लागल्या. एवढं सगळं बघून माझं मत एका गोष्टीवर येऊन थांबलं आहे. सगळ्यात खालच्या माणसाला दिसलेला धोका जसाच्या तसा सगळ्यात वरच्या माणसापर्यंत जातो का, आणि गेल्यावर काम थांबू शकतं का? ज्या विभागात हे होतं तिथलं नेतृत्व चांगलं. बाकी सगळं त्यानंतर.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिथे जुनी ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालवणारी संगणक प्रणाली, काढून नवी आणायची होती. कंपनी सुटे भाग बनवायची आणि मोठ्या वाहन कंपन्यांना दिवसातून अनेक खेपांनी पुरवायची. संचालकांनी तारीख जाहीर केली: गुढीपाडवा. काम किती, माणसं किती लागतील, हे तोवर कोणी मोजलेलंही नव्हतं. मुहूर्त आधी निघाला आणि मग त्या मुहूर्ताला बसेल असा आराखडा शेवटाकडून सुरुवातीकडे मांडत आणला. टेस्टिंगला सहा आठवडे हवे होते, वाट्याला अडीच आले.

दर शुक्रवारी स्टेटस शीट भरली जायची. प्रत्येक कामापुढे रंग: हिरवा म्हणजे सुरळीत, पिवळा म्हणजे लक्ष हवं, लाल म्हणजे तयारी नाही. डिस्पॅचचं, म्हणजे डॉकवरून (ट्रकमध्ये माल चढवायच्या धक्क्यावरून) माल रवाना करण्याच्या भागाचं काम एका मुलीकडे होतं. नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. तिने सलग तीन शुक्रवार लाल भरला आणि शेजारी कारणही स्वच्छ लिहिलं: ‘एका डॉकवर लेबल आणि इन्व्हॉइस छापून पाहिलं, चालतं. चारही डॉकवरून एकाच वेळी छापून पाहिलेलं नाही.’ टीम लीडने त्या लालाचा पिवळा केला, कारण लाल दिसला की रोज संध्याकाळी खुलासा द्यावा लागायचा. पिवळ्याचा हिरवा मी केला. शनिवार-रविवार माणसं बसवून उरकून टाकू, असं मी स्वतःला समजावलं होतं. संचालकांच्या स्लाइडवर गेला तो माझा हिरवा.

पाडव्याला सर्व्हर रूममध्ये नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला, साडेनऊच्या सुमारास, चारही डॉकवर गाड्या लागल्या आणि छपाईची रांग अडकली. लेबल नाही तर खोका हलत नाही. इन्व्हॉइस नाही तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली लागणारं ऑनलाइन बिल) नाही, ई-वे बिल नाही तर गेट पास नाही. दुपारपर्यंत गेटपासून थेट मुख्य रस्त्यापर्यंत ट्रक उभे होते. ड्रायव्हर चाकांच्या सावलीत आडवे झाले होते. ग्राहक कंपनीचा माणूस दर दहा मिनिटांनी फोन करून बजावत होता की आमची लाइन थांबली तर दंड तुमच्या नावावर. डिस्पॅचच्या सुपरवायझरने शेवटी मार्कर घेतला आणि एकेका खोक्यावर हाताने पार्ट नंबर लिहायला सुरुवात केली, निदान क्रम तरी चुकू नये म्हणून.

संध्याकाळच्या बैठकीत पहिला प्रश्न आला: ‘हे कोणी केलं?’ प्रिंट सर्व्हिस पुन्हा सुरू करताना एका नेटवर्क इंजिनिअरकडून रांगेतली काही कागदपत्रं पुसली गेली होती. मेमो त्याला मिळाला. त्या मुलीला कोणी काही विचारलं नाही. तिने भरलेले तीन शुक्रवारचे लाल जुन्या फाइलींमध्ये तसेच होते, आणि ते काढून टेबलावर ठेवण्याचं धाडस त्या दिवशी मी केलं नाही. हे मला आजही सलतं. लिहितोय ते मात्र एवढ्यासाठीच नाही. त्यानंतर मी जितक्या मोठ्या बिघाडांच्या चौकशा वाचल्या, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मला हाच लाल, हाच पिवळा आणि हाच हिरवा भेटला.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं प्रकरण घ्या. ही बँक आधी लॉइड्स समूहात होती. २०१५ मध्ये ती स्पेनच्या साबादेल बँकेने घेतली, पण तिची संगणक प्रणाली लॉइड्सचीच राहिली आणि त्याचे पैसे लॉइड्सला मोजावे लागत होते. म्हणून ठरलं की साबादेलची आयटी उपकंपनी साबिस नवी प्रणाली उभारेल आणि सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती तिच्यावर हलवली जातील. पहिली तारीख नोव्हेंबर २०१७ ची होती. ती गाठता येणार नाही हे सप्टेंबरात कळलं आणि नवा आराखडा आला. त्यातही शेवट आधी धरला गेला आणि कामं त्यात कोंबली गेली. स्थलांतर बहुतांशी एकाच फटक्यात करायचं, हा निर्णयही कायम राहिला. २० एप्रिल २०१८ च्या शुक्रवारी काम सुरू झालं, रविवारी नवी प्रणाली खुली झाली आणि त्याच संध्याकाळपासून लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना. काहींना तर भलत्याच माणसाचं खातं दिसायला लागलं. फोन लागेना, शाखांमधली यंत्रणाही अडखळत होती. कारभार पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. तोपर्यंत तक्रारींचा आकडा सव्वादोन लाखांवर गेला होता आणि मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले होते.

बँकेच्या संचालक मंडळाने स्लॉटर अँड मे या कायदेसंस्थेला चौकशी करायला सांगितलं. तिचा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाला. त्यातल्या दोन गोष्टी मी माझ्या टीमला नेहमी सांगतो. नव्या प्रणालीमागे दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती, पण जास्त भार आल्यावर काय होतं याची चाचणी त्यातल्या एकावरच झाली होती. आमच्या चार डॉकपैकी एका डॉकवर छापून पाहण्यासारखंच हे. दुसरी गोष्ट अशी की नवा आराखडा समोर आला तेव्हा संचालकांनी एक साधा प्रश्न लावून धरला नाही: आधीचं वेळापत्रक कोलमडलं ते कशामुळे, आणि ती कारणं तशीच असतील तर या नव्या तारखेवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

पुढे ब्रिटनच्या बँक-नियामकांच्या आदेशांत आणखी एक तपशील आला. साबिस स्वतः ८५ इतर पुरवठादारांवर अवलंबून होती. स्थलांतराआधी त्यांच्याकडून तयारीची पत्रं मागवली गेली. पत्रं आलीही. पण त्यातल्या कितीतरी पत्रांचा सूर ‘आम्ही तयार होऊ अशी अपेक्षा आहे’ असा होता. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ‘होऊन जाईल, सर’. हे तीन शब्द मी किती वेळा ऐकले आणि किती वेळा स्वतः वरच्यांना ऐकवले, याची मोजदाद नाही. त्यांत खोटं बोलण्याचा हेतू नसतो. समोरच्याला नकार ऐकायचा नाही, हे ओळखून दिलेलं ते उत्तर असतं. म्हणून ते बदलायचं असेल तर प्रश्न विचारणाऱ्याने आधी बदलावं लागतं.

टीएसबीला डिसेंबर २०२२ मध्ये एकूण ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. त्याहून महत्त्वाचं घडलं ते एप्रिल २०२३ मध्ये. त्या काळात बँकेचं आयटी ज्यांच्या हातात होतं त्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड झाला. साबिस खरोखर तयार आहे याची पुरेशी खातरजमा त्यांनी करून घेतली नाही, हा ठपका. कुठल्या इंजिनिअरने कुठली कमांड चालवली याच्यावर नियामक थांबला नाही. तपासून घेण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही ज्याच्याकडे होतं, त्याच्यापर्यंत तो गेला. मला हा निकाल न्याय्य वाटतो. काम बाहेर देता येतं. त्या कामाची जबाबदारी बाहेर देता येत नाही.

इथे अनेक जण गोंधळतात. एकीकडे मी म्हणतो ‘कोणी केलं’ हा प्रश्न पहिला नको, दुसरीकडे वरच्याला दंड झाला म्हणून न्याय झाला असंही म्हणतो. मला यात विसंगती दिसत नाही. चूक कळवणाऱ्याला अभय हवं. चुकीला वाव ठेवणारी रचना ज्याने चालू ठेवली, त्याला मात्र जाब द्यावाच लागेल.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या, प्रोग्रामरांचा कोड साठवून ठेवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने, थकलेल्या अवस्थेत, भलत्याच सर्व्हरवर डिरेक्टरी पुसण्याची कमांड दिली. चूक ध्यानात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटापैकी साडेचार जीबीच शिल्लक होता. मग बॅकअप शोधायला गेले तर पाचही पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप कित्येक दिवस निघतच नव्हता, कारण डेटाबेसच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. बॅकअप फसल्याचे ई-मेल यायला हवे होते, पण मेल यंत्रणा ते परस्पर नाकारत होती. वाचवलं ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीने. कंपनीने हे सगळं उघड लिहिलं, दुरुस्ती चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण केलं आणि त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केलं नाही. त्याला त्या रात्री काढून टाकलं असतं तर पाच मोडके बॅकअप आणि नाकारले जाणारे ई-मेल जागच्या जागी राहिले असते.

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीचं नशीब तेवढंही चांगलं नव्हतं. १ ऑगस्ट २०१२ ला तिच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला होता. बाजार उघडल्यावर त्या एका सर्व्हरवरचा जुना, कधीच बाद झालेला कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरांहून जास्त नुकसान करून गेला. बाजार उघडण्याआधी प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते. त्यांत त्या चुकीचा उल्लेख होता. पण ते ई-मेल इशारा म्हणून बघायचे असतात, असं कोणी ठरवलेलंच नव्हतं. आठवा सर्व्हर विसरणारा तंत्रज्ञ कोण, हे शोधून काय हाती लागणार? आठही झाले का हे दुसऱ्या माणसाने तपासावं, असा लेखी नियमच तिथे नव्हता. तो नियम करणं व्यवस्थापनाचं काम होतं.

आता आपल्याकडे येऊ. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक जोडायला आणि नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. ती उठली फेब्रुवारी २०२५ मध्ये. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेवरही वारंवारच्या बिघाडांमुळे असेच निर्बंध आले होते. कोटकबद्दलच्या आदेशात रिझर्व्ह बँकेने सलग दोन वर्षांच्या तपासणीत आढळलेल्या उणिवा मोजून सांगितल्या होत्या. त्या वाचताना जाणवतं की त्यांत गूढ किंवा अतिप्रगत असं काहीच नाही. आपल्याकडे कोणती यंत्रं आणि सॉफ्टवेअर आहेत याची यादी, पॅच (सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) आणि बदल यांची शिस्त, कोणाला कशात प्रवेश आहे याची नोंद, पुरवठादारांपासूनचा धोका, डेटाची सुरक्षा, आपत्तीनंतर उभं राहण्याची तयारी.

ही सगळी घरातल्या धुण्याभांड्यांसारखी कामं आहेत. रोज झाली तर कोणाला दिसत नाहीत, चार दिवस राहिली की घरात पाय ठेववत नाही. आणि घरात हे काम करणाऱ्या बाईला जशी दाद मिळत नाही, तशी विभागात पॅच लावणाऱ्यालाही मिळत नाही. नवं मोबाइल अ‍ॅप आलं की केक कापतात, एमडींबरोबर फोटो निघतो. रविवारी पहाटे तीनला येऊन चाळीस सर्व्हरवर पॅच लावून, सगळं सुरळीत आहे याची खात्री करून सहाला घरी गेलेल्या माणसाचं नाव सोमवारच्या बैठकीत निघत नाही. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ‘नवीन काय केलं’ हा रकाना असतो, ‘काय बिघडू दिलं नाही’ हा नसतो. मग हुशार मुलं नव्या प्रोजेक्टकडे पळतात आणि सपोर्टला बसवलेल्याला ती शिक्षा वाटते. बढतीचे रकाने कोणते ठेवायचे हे ठरवणाऱ्याने ही शिक्षा निर्माण केलेली असते. रात्री दोनला उठवलेल्या माणसाने सकाळी नऊला पुन्हा खुर्चीत दिसावं, ही अपेक्षाही त्यातलीच. कारखान्यात तिसरी शिफ्ट करून गेलेल्याला लगोलग पहिल्या शिफ्टला कोणी उभं करत नाही.

याची किंमत शेवटी ज्यांचा या विभागांशी काडीचा संबंध नाही ते लोक मोजतात. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा अडवून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून यूपीआयसारख्या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक त्या काळापुरते यूपीआय आणि एटीएमविना राहिले. महिनाअखेर होती. गावातल्या बँकेत पगार किंवा पेन्शन येणाऱ्या माणसाने सी-एजचं नावही कधी ऐकलेलं नसतं.

म्हणूनच हा प्रश्न मला कंपन्यांचा अंतर्गत मामला वाटत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले आयटी कारभाराचे निर्देश या दृष्टीने चांगले आहेत. संचालक मंडळाची वेगळी आयटी समिती हवी आणि तिचा अध्यक्ष आयटी जाणणारा स्वतंत्र संचालक हवा, असं त्यांत आहे. ते बँका आणि वित्तसंस्थांपुरते आहेत. मोठी रुग्णालयं, वीज वितरण, महापालिका, शेकडो लघुउद्योजकांना पोसणारे मोठे कारखाने, यांच्या संचालकांनी स्वतः होऊन निदान एवढं तरी करावं. आयटीतला लाल ओळखू शकणारा एक तरी माणूस त्या टेबलावर बसलेला असावा.

याला उत्तर म्हणून मला नेहमी ऐकवलं जातं की ज्युनिअरच्या हाती थांबवण्याचा अधिकार दिला तर कुठलंच काम वेळेत पुरं होणार नाही, पोरं जरा काही झालं की हात वर करतील. काळजी खोटी नाही. कामात दिरंगाई करून लाल भरणारेही मी पाहिले आहेत. पण म्हणूनच सुरुवातीला दोरीचा तो बारकावा सांगितला. ओढली की धावायचं आहे वरिष्ठाने, आणि रेषेपर्यंत वेळ आहे. लाल खरा की आळसाचा, हे जागेवर जाऊन दहा मिनिटांत कळतं. न जाता, केबिनमधूनच रंग बदलला तर कधीच कळत नाही. दुसरा आक्षेप असा की आपली संस्कृतीच वरिष्ठांपुढे मान तुकवण्याची आहे, इथे हे चालायचं नाही. मग शॉप फ्लोअरवर कसं चालतं? तीच माणसं, तोच तालुका, एकाच बसने येणारी. तिथे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, दोरी ओढणाऱ्याला झापलं गेलं नाही, म्हणून रुजलं.

मी आता दुसऱ्या कंपनीत आहे. इथे स्टेटस शीटवर आम्ही एकच नियम केला: रंग ज्याने भरला तोच बदलू शकतो. टीम लीड शेजारी आपलं मत लिहू शकतो, मीही लिहू शकतो, पण मूळ रंगाला हात लावता येत नाही आणि शीट तशीच संचालकांपुढे जाते. शिवाय दर तीन महिन्यांनी एक प्रणाली बॅकअपवरून खरोखर उभी करून पाहतो, कारण उभा करून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

मागच्या खेपेला पगार आणि हजेरीच्या प्रणालीची पाळी होती. चार तासांत उभी राहील असं कागदावर होतं, लागले अकरा. त्याच महिन्यात ती प्रणाली नव्या सर्व्हरवर न्यायची तारीख ठरलेली होती. हे काम पाहणाऱ्या मुलाला कंपनीत येऊन जेमतेम वर्ष झालंय. त्याने लाल भरला. लाल तसाच बैठकीत गेला. संचालकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्या मुलाकडे बोट केलं. ‘किती दिवस लागतील?’ त्यांनी विचारलं. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, ‘तीन आठवडे, सर. आणि एकदा पुन्हा उभी करून बघायला लागेल.’ तारीख पुढे गेली. एचआर विभागाला ते आवडलेलं नाही, त्यांचं पुढचं सगळं वेळापत्रक बिघडलं आणि त्यांची तक्रार रास्त आहे. उद्या सकाळी त्यांच्याबरोबर बसायचंय. तो मुलगाही येतोय, अकरा तास नेमके कुठे गेले त्याचा तक्ता घेऊन.